कडू पाला आणि परळची प्रयोगशाळा

पावसाळा लागला की भिवंडीच्या बाजारात रानभाज्या उतरतात. पडघा, वज्रेश्वरी, गणेशपुरी या बाजूंच्या पाड्यांवरून आलेल्या आदिवासी बाया रस्त्याच्या कडेला फडके अंथरून बसतात. आधी शेवळे, मग टाकळा, कुरडू, भारंगी आणि पुढे करटोली. जांभळे या सर्वांच्या आधीच येऊन गेलेली असतात. यंत्रमागांच्या या शहरात भाजी घेणारा माणूस पूर्वी एकच प्रश्न विचारीत असे, "कशी दिलीस?" अलीकडे त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न ऐकू येतो, "शुगरला चालते का?" आणि विकणारी बाई, गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून असो किंवा तिचा खरोखरच तसा समज असल्यामुळे असो, "चालते ना" असेच सांगते.

हा दुसरा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख आहेत. वीस वर्षांवरील माणसांत हे प्रमाण शेकडा ११.४ पडते. म्हणजे रविवारच्या मिस्सेला शंभर प्रौढ माणसे जमली, तर त्यांत अकरा-बारा जणांना हा विकार असायचा. त्यांपैकी अनेकांच्या ओट्यावर रात्री भिजत घातलेल्या मेथ्यांची वाटी असते. या वाटीला, त्या करटोलीला आणि त्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा अध्याय भिवंडीपासून फार दूर घडलेला नाही. तो ठाण्यात आणि मुंबईच्या परळ भागात घडला. त्यात दोन मराठी वैद्यकशास्त्रज्ञ आहेत आणि दोन येशूसंघीय धर्मगुरूही आहेत.

मुळात या रोगाचे नावच चवीवरून पडले आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी टिपून ठेवले होते. मधुमेह हा शब्द त्या निरीक्षणाची साक्ष देतो. युरोपात टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने सतराव्या शतकात मूत्राच्या गोडीचा उल्लेख केला, आणि ती गोडी साखरेचीच असते हे मॅथ्यू डॉब्सन याने १७७६ साली मूत्र आटवून दाखवले. रोग गोड, तेव्हा उतारा कडू, असे अनुमान यातून कोणीही काढील. आयुर्वेदानेही प्रमेहावर कडू आणि तुरट रसांची योजना सांगितली आहे. कारले, मेथी, कडुनिंब, किराईत, जांभळाची बी, ही सारी यादी पाहिली की जिभेने दिलेला निवाडाच औषधाच्या पाटीवर लिहिलेला दिसतो. हा विचार अडाणीपणाचा होता असे मी म्हणणार नाही. रक्तातली साखर मोजण्याचे साधन हाती नसताना माणसाने जिभेवर विश्वास ठेवला, तर त्यात नवल नाही. पण जीभ आणि रक्त ही दोन वेगवेगळी न्यायालये आहेत, आणि एकाचा निकाल दुसऱ्यावर बंधनकारक नसतो, हे कळायला फार काळ जावा लागला.

आपल्या परिसरातील वनस्पतींची शास्त्रशुद्ध नोंद करणाऱ्यांत कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९–१९१७) यांचे नाव आदराने घ्यावे लागते. ते सरकारी वैद्यकीय सेवेतले शल्यवैद्य. अफगाण युद्धात त्यांनी सेवा केली, पुढे ठाण्यास ते सिव्हिल सर्जन होते. भिवंडी तेव्हाही ठाणे जिल्ह्याचाच तालुका होता. मुंबई इलाख्यातील विषारी वनस्पतींवर त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रदीर्घ लेखमाला लिहिली. हा गृहस्थ मराठी कवीही होता, आणि १९०९ सालच्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्याने भूषविले होते. शस्त्रक्रिया, पानेफुले आणि कविता यांचा संसार एकाच माणसाने सुखाने चालवावा, अशी ती पिढी होती.

कीर्तिकरांनी मेजर बामनदास बसू यांच्यासमवेत तयार केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा बृहद्‌ग्रंथ १९१८ साली अलाहाबादेहून निघाला. तो पाहण्यास कीर्तिकर हयात नव्हते. प्रत्येक झाडाचे शास्त्रीय वर्णन, निरनिराळ्या भाषांतील नावे, ते कोठे उगवते आणि लोक ते कशासाठी वापरतात, अशी त्याची मांडणी. ज्यांच्या तोंडी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यांचे शब्द त्यामुळे कागदावर टिकले. मात्र लोक एखादा पाला अमुक रोगावर वापरतात असे लिहिणे ही एक गोष्ट, आणि तो पाला खरोखर गुण देतो असे सिद्ध करणे ही दुसरी. पहिले काम कीर्तिकर-बसूंनी केले. दुसरे पुढच्यांसाठी राहिले.

त्या दुसऱ्या कामासाठी जी वनस्पती निवडली गेली, ती आपल्या कोकणात आणि सह्याद्रीच्या रानांत आढळणारी एक वेल. हिंदीत तिला गुडमार म्हणतात, संस्कृतात मधुनाशिनी, आणि आपल्याकडे तिची एक ओळख 'बेडकीचा पाला' अशी आहे. हिचे एक-दोन पाले चावून चघळावेत आणि मग चिमूटभर साखर तोंडात टाकावी. साखर वाळूसारखी लागते. गोडीचा मागमूस नसतो. काही वेळाने चव परत येते. कॅप्टन एजवर्थ नावाच्या इंग्रज अंमलदाराने १८४७ च्या सुमारास हा अनुभव युरोपातील शास्त्रज्ञांच्या कानी घातला. पाला चघळल्यावर चहातली साखर त्याला लागेना. पुढे १८८७ साली उटकमंड येथे डेव्हिड हूपर याने या पाल्यातून ते द्रव्य वेगळे काढले. त्याला जिम्नेमिक आम्ल हे नाव मिळाले. जिभेवरची गोडी मारणारा पाला रक्तातलीही गोडी मारीत असेल, ही समजूत लोकांत होतीच. आता तिची परीक्षा घ्यायची होती.

येथे परळची वास्तू कथेत येते. प्लेगच्या साथीत लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली, आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. गव्हर्नरांचा वाडा होण्यापूर्वी ही जागा येशूसंघीयांकडे होती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी ती त्यांच्याकडून काढून घेतली. सुमारे दोनशे वर्षांनी त्याच वास्तूत एक फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू औषधिशास्त्राचा प्रमुख म्हणून कामाला बसला, हा योगायोग नोंदवून ठेवण्याजोगा आहे. त्यांचे नाव फादर जाँ फर्दिनां कायस.

कायस यांचा जन्म १८७७ चा. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत असत आणि १९१९ पासून काही वर्षे तेथील प्राचार्यही होते. महाविद्यालयातील वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ब्लॅटर हे रानावनांत हिंडणारे, कायस हे प्रयोगशाळेत बसणारे. कायस यांचे सहकारी होते डॉ. कृष्णाजी श्रीपत म्हसकर. या तिघांनी मिळून कीर्तिकर-बसूंच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती सिद्ध केली, ती १९३३ ते १९३५ या काळात प्रसिद्ध झाली. तिला सुधारित आवृत्ती म्हणणे अपुरे ठरेल. बराचसा ग्रंथ त्यांनी नव्याने लिहून काढला. आजही भारतीय वनौषधींवर लिहिणाऱ्या कोणालाही हा ग्रंथ टाळता येत नाही. ब्लॅटर १९३४ साली पुण्यास वारले, कायस १९४४ साली. मराठी ख्रिस्ती वाचकांना मिशनऱ्यांच्या शाळा आणि इस्पितळे ठाऊक असतात. त्यांच्या तराजू-परीक्षानळ्यांची ओळख मात्र आपल्याकडे फारशी कोणी करून दिलेली नाही.

म्हसकर आणि कायस यांचा गुडमारावरील प्रबंध १९३० साली भारतीय वैद्यकीय संशोधनाच्या ग्रंथमालेत निघाला. त्याआधीच्या दशकात अमेरिकेतील फोलिन आणि वू यांच्या पद्धतीमुळे थोड्याशा रक्तातील साखर मोजणे शक्य झाले होते, त्यामुळे आता जिभेवर विसंबण्याचे कारण उरले नव्हते. प्रयोगशाळेतील प्राण्यांना पाला दिल्यावर त्यांच्या रक्तातील साखर उतरते, असे त्यांना आढळले. त्यांचे अनुमान असे की, पाला साखरेवर स्वतः काही करीत नाही. तो स्वादुपिंडाला चेतवतो आणि तेथून इन्शुलिन अधिक स्रवते. ज्या काळी इन्शुलिनचा शोध लागून दहा वर्षेही झाली नव्हती, त्या काळी मुंबईत बसून असा विचार मांडणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

पण याच्या दोनच वर्षे आधी, १९२८ साली, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच पाला मधुमेहाच्या रुग्णांना देऊन पाहिला होता, आणि त्यांच्या हाती काही लागले नव्हते. दोघेही साक्षेपी संशोधक. मग खरे कोणाचे? माझ्या मते दोघांचेही खरे असू शकते. ज्या प्राण्याचे स्वादुपिंड धडधाकट आहे, त्याला चेतवले तर ते इन्शुलिन देईल. ज्या रुग्णाचे स्वादुपिंडच थकले आहे, त्याला चेतवून काय मिळणार? रिकाम्या रांजणाला तोटी कितीही मोठी लावली तरी पाणी येत नाही.

परळच्या या जोडीच्या प्रामाणिकपणाचा एक पुरावा मधुमेहाबाहेरचा आहे. सर्पदंशावर गुणकारी म्हणून देशभर सांगितल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पती आणि त्यांची दीडशेवर मिश्रणे त्यांनी तपासली. १९३१ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: यांतील एकही विष उतरवीत नाही. ज्यांनी आयुष्य वनस्पतींना वाहिले, त्यांनीच हे लिहावे, याला मोठे मन लागते. म्हणूनच गुडमाराबद्दल ते 'होय' म्हणतात तेव्हा त्यांचे म्हणणे ऐकावेसे वाटते.

तरीही त्या 'होय'चा पुढे फारसा पाठपुरावा झाला नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या इस्पितळात लिओनार्ड टॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचले गेले आणि मरणाच्या दारातली मुले घरी परतू लागली. या उजेडापुढे पाल्यापाचोळ्याकडे कोण पाहणार? गंमत अशी की, नंतरच्या काळात जगभर सर्वांत अधिक घेतली जाणारी मधुमेहाची गोळी एका रानटी रोपाच्या वंशातलीच आहे. युरोपच्या कुरणांत वाढणाऱ्या गॅलेगा नावाच्या रोपातील द्रव्य साखर उतरवते, पण ते विषारी होते. त्याच्या जवळच्या नात्यातले मेटफॉर्मिन रसायनशाळेत तयार झाले, आणि जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरने १९५७ साली ते रुग्णांवर वापरून दाखवले. रोप ते गोळी या प्रवासात काय घडले? विषारी भाग वगळला गेला आणि मात्रा ठरली. चिमूट, मूठ, चमचा यांची जागा मिलिग्रॅमने घेतली.

मात्रेचा हा मुद्दा स्वयंपाकघरात आणला की मेथीची गोष्ट सांगावी लागते, कारण भारतीय स्वयंपाकघरातल्या वस्तूंपैकी तिचीच तपासणी सर्वांत व्यवस्थित झाली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आर. डी. शर्मा आणि सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इन्शुलिनवर असलेल्या रुग्णांना दहा दिवस मेथीच्या दाण्यांची तेल काढलेली भुकटी जेवणात मिसळून दिली. उपाशीपोटीची साखर उतरली, आणि चोवीस तासांत मूत्रावाटे जाणारी साखर शेकडा ५४ ने घटली. हे आकडे वाचून कोणालाही हुरूप येईल. पण रोजची भुकटी किती होती? १०० ग्रॅम, अर्धी दुपारी, अर्धी रात्री. आपल्या वाटीत भिजणाऱ्या मेथ्या चहाच्या शिगोशीग चमच्याने घेतल्या तरी चार-पाच ग्रॅमच्या पुढे जात नाहीत. हैदराबादच्या रुग्णांइतकी मेथी खायची तर असे वीस-पंचवीस चमचे लागतील, आणि मग पोटाची जी अवस्था होईल ती सांगायला नको.

मेथी काम कशी करते हेही पाहण्यासारखे आहे. दाण्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग तंतूंचा असतो. भिजवल्यावर जो बुळबुळीतपणा येतो, तोच यातला कर्ता पुरुष. त्याचा लगदा आतड्यात अन्नाभोवती पसरतो आणि साखर रक्तात सावकाश उतरते. कडूपणाचा येथे संबंध नाही. शर्मा यांच्याच १९८६ च्या अभ्यासात बुळबुळीत भाग काढून टाकलेल्या दाण्यांचा आणि मेथीच्या शिजवलेल्या पानांचा परिणाम नाममात्र दिसला. तेव्हा मेथीची भाजी खुशाल खावी, ती चांगलीच असते, पण ती दाण्यांचे काम करीत नाही. जिभेचा निवाडा येथे उलटा ठरला: गुण कडूपणात शोधला, निघाला बुळबुळीत चिकात.

कारल्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यात इन्शुलिनसारखे वागणारे द्रव्य सापडल्याचे जयपूरच्या संशोधकांनी १९८१ साली मांडले आणि 'वनस्पतीतले इन्शुलिन' हा शब्द वर्तमानपत्रांत गाजला. पुढे थायलंडमध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत रोज दोन ग्रॅम वाळवलेल्या कारल्याने साखर थोडी उतरली, पण मेटफॉर्मिनइतकी नव्हे. २०१२ साली चार चाचण्यांतील ४७९ रुग्णांची माहिती एकत्र तपासणाऱ्या आढाव्याने पुरावा अपुरा असल्याचे सांगितले. मला मात्र याहून अर्थपूर्ण वाटते ती १९७९ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात आलेली एक छोटी नोंद. क्लोरप्रोपामाइड ही गोळी घेणाऱ्या एका दक्षिण आशियाई स्त्रीची साखर ती कारल्याचे कालवण खाई तेव्हा वेगळीच वागे. गोळी आणि कालवण एकमेकांत मिसळत होते. म्हणजे कारल्यात अगदीच काही नाही असेही नव्हे; जे आहे ते मोजून घेतलेले नाही, हीच अडचण.

जांभळाबद्दल थोडक्यात. पालघरजवळच्या बहाडोलीची जांभळे मुंबईच्या बाजारात नावाजलेली आहेत, आणि बियांचे चूर्ण काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. हे झाड आशियातून ब्राझीलमध्ये गेले आणि तेथेही त्याच्या पानांचा काढा मधुमेहावर घेण्याची रीत पडली. ब्राझीलच्याच संशोधकांनी या काढ्याची रीतसर चाचणी घेतली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. साखर उतरली नाही. दालचिनीचा बोलबाला २००३ साली पाकिस्तानात झालेल्या साठ रुग्णांच्या अभ्यासाने झाला, नंतरच्या चाचण्यांनी तो टिकवला नाही. शिवाय बाजारात स्वस्त मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन असते, ते फार झाले तर यकृताला बाधते. आपल्या बाटली मसाल्यात वीसहून अधिक जिन्नस पडतात आणि त्यांत दालचिनीही असते, पण कालवणात तिची चिमूटभरच उतरते. तो मसाला चवीसाठीच आहे, आणि चवीसाठीच राहू द्यावा.

गुडमाराकडे मद्रासच्या संशोधकांनी पुन्हा लक्ष दिले. १९९० साली त्यांनी दोन अभ्यास प्रसिद्ध केले. पाल्याचा अर्क रोज ४०० मिलिग्रॅम या प्रमाणात इन्शुलिनवरील २७ रुग्णांना दिला, तेव्हा त्यांची इन्शुलिनची गरज कमी झाली. गोळ्यांवर असलेल्या २२ रुग्णांपैकी पाच जणांच्या गोळ्या दीड-पावणेदोन वर्षांच्या अवधीत थांबवता आल्या. रुग्ण थोडे होते, आणि चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना त्यात नव्हती, म्हणून यावर शेवटचा शब्द म्हणता येणार नाही. पण कामाची रीत परळच्या परंपरेला शोभणारी होती. अर्क मोजून दिला, रक्त तपासले, आणि इन्शुलिन किंवा गोळी कमी केली ती रक्ताचा आकडा पाहून. कोणालाही पहिल्या दिवशी इन्शुलिन फेकून द्यायला सांगितले नाही.

बाजारात मिळणाऱ्या 'खात्रीच्या' चूर्णांची रीत याच्या नेमकी उलट असते. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही पत्रके वाटली जातात. परदेशांत तपासलेल्या अशा काही चूर्णांत ग्लिबेनक्लामाइड ही गोळीच कुटून घातलेली आढळली आहे. अशा चूर्णाने गुण येतो, यात शंका नाही; तो पाल्याचा नसतो इतकेच.

भिवंडीत हा विषय पुस्तकी राहत नाही. येथला यंत्रमाग कामगार बारा-बारा तासांची पाळी करतो. त्याची खानावळ, जिला इथे बिशी म्हणतात, ठरलेल्या वेळी वाढते, आणि पोट भरते ते भात-रोटीवर. त्याच्या रक्तातील साखर ठरते ती ताटातल्या त्या ढिगावर आणि जेवणाच्या वेळेवर. पहाटे प्यालेल्या कडू रसाचा वाटा त्यापुढे लहान असतो. पण लहान वाटाही अवेळी भोवतो. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने ग्लिबेनक्लामाइडची गोळी घेतली, वर कोणी सांगितले म्हणून पेलाभर कारल्याचा रस प्याला, आणि जेवायला दुपार केली, तर साखर नको इतकी खाली येते. घाम फुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि शेजारी माग चालू असतो. त्या घटकेला त्याच्या तोंडात पडायला हवी ती दोन-तीन चमचे साखर, तीही लगेच. आधी बेडकीचा पाला चघळलेला असला, तर ती त्याला गोड लागणार नाही. रक्तात मात्र ती आपले काम करील.